उकंडाची सवत

"बायामाणसाले सवत आलेली आयकली होती बाई, पन गडीमाणसाले सवत आलेली मी पयल्यांदाच पाहून राह्यली!" सत्यभामा हे चार बायांत बोलली अन् त्या दिवसापासून तळ्यावरच्या पांढऱ्या यंत्राला दुसरं नाव उरलं नाही. कंपनीनं त्याला लांबलचक इंग्रजी नाव देऊन धाडलं होतं, पण ते कोणाच्या जिभेवर बसेना. सवत मात्र लगेच बसली. ऐकणारे सगळे हसले. हसला नाही तो एकटा उकंडा, सत्यभामेचा नवरा, कारण सवत त्याची होती.

आता हा उकंडा कोण, ते आधी ऐका. जातीचा भोई. बापानं अन् आज्यानं बेंबळा नदीत जाळी टाकली, यानंही टाकली. पुढं नदीवर धरण झालं, पाणी पसरलं, जुने डोह कुठले कुठं गेले. तेव्हा बाभुळगावच्या विठ्ठलरावांनी आपल्या पडीक रानात भलंमोठं तळं खोदलं अन् मासे सांभाळायला याला बोलावून काठावरच झोपडी दिली. पऱ्हाटीच्या, कापसाच्या मुलखात माशाची शेती म्हणल्यावर लोक हसणारच. "विठ्ठलराव आता पाण्यात वखर हाकलतीन," म्हणायचे. पण पहिला माल निघाला अन् हसणाऱ्यांचे दात घशात गेले. त्यातला अर्धा मान उकंडाचा होता, हे विठ्ठलराव स्वतःच सांगत फिरायचे.

कारण उकंडा माशांना बोलावून जेवू घालायचा. खोटं वाटते ना? पाहणाऱ्यांनाही वाटायचं. तेलाचा एक रिकामा पिपा होता, पत्र्याचा, एका अंगानं चेपलेला. तो घेऊन हा पाण्यावरच्या बांबूच्या मचाणावर उभा राहायचा अन् तीन टोले मारायचा. टण्, टण्, टण्. की चारी कडांनी पाणी हलायला लागायचं, अन् मचाणाखाली रेटारेटी व्हायची, बाजाराच्या दिवशी एस.टी.च्या दारात होते तशी. रोहू, मृगळ, कटला, सगळे. एक मोठ्या डोक्याचा कटला सगळे जमल्यावर सावकाश यायचा, म्हणून त्याचं नाव सरपंच. दरसाल जाळं पडायचं, माल ट्रकात जायचा, पण सरपंचाला उकंडा दोन्ही हातांनी उचलून परत पाण्यात सोडायचा. विठ्ठलराव हसून म्हणायचे, "ठेव गा तुया जावयाले."

विठ्ठलरावांकडं व्याही आले, कोणी साहेब आला, कॉलेजची पोरं आली, की हाक ठरलेली: "उकंडा, वाजव पिपा!" तेव्हा उकंडाची छाती पाहावी. पण त्याचा एक नेम होता. पिपा वाजवला की दाणा टाकायचाच. नुसती गंमत दाखवायची असली तरी मूठभर तरी टाकायचाच. "आवतन देऊन उपाशी वापस धाडत नसते," असं त्याचा आजा म्हणायचा. आजा पाहुण्यांबद्दल म्हणायचा, उकंडानं ते माशांना लावलं.

अन् आवतणाचं म्हणाल, तर त्याचं एक आणखीन होतं. याच्या दारात बैल कधी नव्हते. पोळ्याच्या आदल्या सांजेला सारं गाव बैलांच्या खांद्याला तूप-हळद चोळून म्हणते, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या." तेव्हा हा आपल्या लाकडी डोंग्याच्या काठाला तूप-हळद चोळायचा अन् तेच म्हणायचा. डोंग्यात बसूनच तो तळ्याच्या मधोमध दाणा टाकायला जायचा, तेव्हा त्याचा बैल तोच.

तर अशा या राज्यात, उन्हाळ्याच्या तोंडावर, सवत आली.

दोन काळ्या फुग्यांवर तरंगणारी पांढरी पेटी. पाठीवर उन्हाची पाटी, पोटाखाली पाण्यात पाहणारा कॅमेरा. ती बसवायला यवतमाळची मैत्रेयी आली, बसकंडक्टरची पोरगी, शिकून इंजिनिअर झालेली, बोलायला गोड. तिनं समजावून सांगितलं, "काका, हिला वल्हवायला कोणी लागत नाही. सकाळी ऊन पडलं की ही आपली निघते. मासे कुठं आहेत ते बघते, तिथंच दाणा टाकते. त्यांनी खायचं थांबवलं की हीपण थांबते. पाणी बिघडलं तर माझ्या मोबाईलवर कळवते."

"अन् थकली तं?" उकंडानं विचारलं.

"थकत नाही ना काका."

ते 'थकत नाही' उकंडाच्या काळजात काट्यासारखं मोडून राहिलं. त्याला कोणी कामावरून काढलं नाही, बरं का. उलट विठ्ठलरावांनी खांद्यावर हात ठेवला. "लय वल्हवलं गा तू. आता बसून पाह्यत जाय. काठावरचं गवत काप, बगळे हाकल." काढून टाकलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. बसून पाहा म्हणल्यावर माणसानं काय करावं?

उकंडा बसून पाहू लागला, अन् जे पाहिलं त्यानं त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. पहिले काही दिवस मासे त्या घुर्र आवाजाला बिचकले. उकंडा मनात म्हणाला, नव्याचे नऊ दिवस, जाईल बुडून कुठं तरी. पण ती बुडली नाही. मासेच तिच्या मागं लागले. घुर्र झालं की पाणी उसळायचं. यानं हट्टानं पिपा वाजवला, पदरची मूठभर दाण्यांची लाच टाकली, तरी आले किती, तर पंधरा-वीस, तेही उरलेसुरले. एक दिवस त्यानं सरपंचालाच पाहिलं. सावकाश, ऐटीत, आपल्या त्या मोठ्या डोक्यासकट, सरपंच सवतीच्या पोटाखाली जाऊन तोंड उघडून उभा. उकंडा मचाणावरून ओरडला, "सरपंच! अबे, इकडं पाह्य ना बे!" सरपंचानं शेपटीसुद्धा हलवली नाही.

घरी आला. सत्यभामेनं ताट वाढलं. दोन घास खाल्ले अन् म्हणाला, "माह्या हातचं खाऊन मोठा झाला तो."

"कोन?"

"सरपंच."

"अजी, मासा हाये तो! जिकडं दाना, तिकडं तोंड."

"मंग मानूसबी तसाच म्हन." अन् हात धुऊन उठला.

तिनं ते 'सवत'चं बोलणं दुसऱ्या दिवशी काढलं ते याच्यावरून. पण खरा भडका उडाला तो निराळ्याच गोष्टीनं. बगळ्यानं यंत्राच्या पाठीवर घाण केली होती अन् सत्यभामेनं जाता जाता आपल्या पदरानं ती पुसली. बस्स. उकंडानं काठावरून पाहिलं अन् विळा फेकून दिला. "माह्या डोंग्याले एवढ्या वर्षांत कधी पदर लावला का वं तू?"

"डोंगा कधी हिच्यावानी आपल्या पायानं घरी आला का?" ती म्हणाली. तिनं थट्टा केली होती. याला ती फार लागली. डोंगा कडुनिंबाखाली पालथा पडला होता अन् त्याच्या पोटाखाली कोंबडी अंडी घालत होती. विठ्ठलरावांचे पाहुणे आता सवत पाहायला यायचे, मोबाईलमध्ये तिचे फोटो काढायचे. पिप्याची आठवण कोणालाच नाही. गरज सरो, वैद्य मरो!

मत्सर वाईट खराच, पण तो माणसाला बसू देत नाही. उकंडानं डोकं चालवलं. सवत निघते ऊन पडल्यावर. मग आपण त्याच्या आधी गेलो तर? घरी शेळीसाठी सरकीची ढेप होती, ज्वारीच्या कण्या होत्या. झुंजुमुंजू झालं की हा फडक्यात ढेप बांधून निघायचा, मचाणावर बसून पिपा हळूच वाजवायचा. हळू, म्हणजे विठ्ठलरावांच्या घरापर्यंत जाणार नाही इतपत. पहिल्या दिवशी थोडे आले. मग वाढले. भुकेल्या पोटी पहिला घास देईल त्याचाच आवाज कानात बसतो. चार-सहा दिवसांत सारं तळं पहाटेच मचाणाखाली! अन् एका सकाळी शेवटी, सगळ्यांच्या मागून, सरपंच. उकंडाच्या डोळ्यात पाणी आलं. "आलास का बे सुक्काळीच्या," म्हणाला, अन् ढेपेचं मोठं ढेकूळ त्याच्याच तोंडाशी टाकलं.

मग ऊन पडलं. सवत थाटात निघाली, घुर्र करत मधोमध गेली, दाणा फेकला. कोण खाणार? पोटं टम्म. दाणे तसेच तरंगत राहिले. ती थांबली, इकडं वळली, तिकडं वळली, पुन्हा थोडे फेकले, अन् गुमान काठाला येऊन लागली. उकंडा गवत कापता कापता मांडीवर थाप मारून हसला. "रुसली! सवत रुसली!" कैक दिवसांनी त्या दिवशी त्याला जेवण गोड लागलं.

रोज तेच होऊ लागलं. सवतीनं मात्र आपलं काम चोख केलं. मासे खात नाहीत, असं तिनं मैत्रेयीच्या मोबाईलवर रोज कळवलं. मैत्रेयी आली, कॅमेरा पुसला, पाणी तपासायला नेलं. पाण्यात काही दोष निघेना. विठ्ठलरावांचा चेहरा उतरला. कारण एकदा, तळं नवं होतं तेव्हा, असेच मासे खायचे थांबले होते अन् एका सकाळी सारे पोट वर करून तरंगले होते. तो वास त्यांच्या नाकातून अजून गेला नव्हता. त्यांनी उकंडाला बोलावलं अन् ठरलेलं सांगितलं. "रोग हाये काहीतरी. मरायच्या आत सारे काढतो. रामलाल व्यापाऱ्याले सांगतलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, करीले, मासोळीले गिऱ्हाईक राह्यतेच. यंदा सारं तळं उपसून घेऊ. एकबी ठेवाचा नाही, रोग उरते मंग."

"सरपंच?" उकंडाच्या तोंडून निघालं.

"तोबी. तोच तं जुना."

उकंडा तिथून कसा घरी आला ते त्याचं त्याला. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात, पण याच्या मनानंही हे चिंतलं नव्हतं. सवतीला उपाशी परत धाडायचं होतं याला, अन् ट्रकात निघाले याचेच मासे. तोंड उघडावं तर चोरी उघडी, न उघडावं तर करीच्या दिवशी सरपंच कोणाच्या तरी तव्यावर. चार दिवस असेच घुटमळत गेले. अन् ऐका, पहाटेची ढेप टाकणं तरी थांबवलं का? नाही. थांबवलं की ते पुन्हा तिच्याकडं जातील, हे त्याला दिसत होतं. जळणारं मन असं असते. घर पेटलं तरी सवतीला घागर देत नाही.

पोळ्याच्या आदल्या सांजेला सत्यभामा शेळीला ढेप घालायला गेली अन् रिकामं पोतं घेऊनच बाहेर आली. "एवढी ढेप एकटी शेळी खाते का जी?" उकंडा डोंग्यासाठी वाटीत तूप-हळद कालवत बसला होता. त्यानं मान वर केली नाही. सत्यभामा शहाणी बाई. रोज पहाटे हा कुठं जातो, सवत कशानं रुसली, मासे का खाईनात, हे सगळं तिच्या डोक्यात एका ओळीत उभं राहिलं. ती ओरडली नाही. त्याच्यापुढं खाली बसली.

"तुमाले सरपंच पाह्यजे का सवतीवर जीत पाह्यजे?"

उकंडा वाटी तशीच हातात घेऊन उठला अन् विठ्ठलरावांच्या घरी गेला.

अंगणात विठ्ठलराव बैलांचे खांदे चोळत होते. मैत्रेयी पाण्याचा दुसरा निकाल घेऊन आली होती, ओट्यावर बसली होती. उकंडानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं. पहाटेची ढेप, कण्या, पिपा, सारं. "रोगबीग काही नाही भाऊ. पोट भरलेलं राह्यते त्याइचं. मी भरतो."

विठ्ठलरावांच्या हातातलं तूप तसंच राहिलं. "अबे, पंधरा दिवस मले झोप नाही! कायले केलं तू असं? मले सांगता नाही आलं?"

"काय सांगू?" उकंडाचा आवाज चढला. "मानूस भावकीवर जळते, शेजाऱ्यावर जळते. डबड्यावर जळतो म्हून कोनाले सांगू मी?"

एका बैलानं मान हलवली, घुंगरं वाजली. मग मैत्रेयी हळूच म्हणाली, "म्हणजे ती बरोबरच सांगत होती. भूक नव्हती म्हणून खात नव्हते." पोरीच्या मनात काही वाकडं नव्हतं, पण उकंडाला तेवढ्यातही झोंबलं. इथंही खरी ठरली ती सवतच!

"उद्या सकाळी तू काही टाकू नको," विठ्ठलराव शेवटी म्हणाले. "पिपा नाही, ढेप नाही. त्याइनं यंत्राचं खाल्लं, तं मी रामलालले नाही म्हंतो. नाही खाल्लं, तं जाळं पडन. मले तुया बोलन्यावर आता भरवसा ठेवता येत नाही, उकंडा."

पोळ्याच्या पहाटे उकंडा रिकाम्या हातानं मचाणावर गेला. पिपा सोबत घेतला, पण वाजवला नाही. सवयीनं पाय तिकडं गेले होते. अन् पाहतो तर काय, न बोलावता सारे आलेले! मचाणाखाली पाणी काळं झालेलं, तोंडं वर, उघडी, मिटती. त्याच्या पावलांची चाहूल ओळखून आले होते. सगळ्यांच्या मागं सरपंच, मोठं डोकं अर्धं पाण्याबाहेर. ज्यासाठी उकंडानं एवढा खटाटोप केला होता, ते सारं त्याच्या पायाशी उभं होतं. अन् द्यायला हातात दाणा नाही.

तेवढ्यात ऊन पडलं. काठावर विठ्ठलराव अन् मैत्रेयी येऊन उभे राहिले, मागं सत्यभामा. सवत घुर्र करून निघाली, मधोमध गेली, दाणा फेकला. मासे हलले नाहीत. एक नाही, दोन नाही. भुकेले होते तरी मचाणाखालीच उभे, याच्याकडं पाहत. विठ्ठलराव मटकन बांधावर बसले.

उकंडाला कळलं. तो इथं उभा आहे तोवर ते जाणार नाहीत. आयुष्यात याच्याहून मोठी जीत त्याला कधी मिळाली नव्हती अन् मिळणारही नव्हती. सवत मधोमध एकटी गिरक्या घालत होती, सारं तळं याचं होतं, मालक पाहत होता, बायको पाहत होती. त्याला वाटलं, इथंच बसून राहावं. खरंच वाटलं. मग तो सरपंचाकडं पाहून पुटपुटला, "जाय बे. तिच्याकडं जाय. जेव." अन् पिपा काखेत मारून मचाणावरून उतरला. मागं न पाहता चालत कडुनिंबाखाली गेला अन् डोंग्यावर पाठमोरा बसला. देवाला हात जोडले, ते सवतीसाठी जोडले.

थोडा वेळ काहीच नाही. मग पाणी उसळल्याचा आवाज आला, अन् मैत्रेयीची आरोळी: "खायला लागले! काका, खायला लागले!" उकंडानं डोळे पुसले. आनंदानं पुसले का जळून, ते त्यालाही सांगता आलं नसतं. दोन्ही होतं.

दुपारी रामलाल व्यापारी सौदा पक्का करायला आला, तर सौदाच मोडलेला. विठ्ठलरावांनी त्याला पुरणपोळीला बसवलं, मग तळ्यावर आणलं. रामलाल जुना माणूस, ऐकून होता. "माल नहीं तो नहीं सही, लेकिन वो डब्बेवाला तमाशा तो दिखाओ, राव!"

विठ्ठलराव उकंडाकडं वळले. सकाळचा राग बराच उतरला होता. किती तरी महिन्यांनी त्यांच्या तोंडून ती हाक आली, "उकंडा, वाजव पिपा!"

उकंडा चटकन उठला. पिपा उचलला. हाताची बोटं पत्र्याला लागली. याच हाकेसाठी तो एवढे दिवस तळमळला होता. अन् मग तो तसाच उभा राहिला.

"नाही भाऊ," तो म्हणाला. "जेवले आता ते. वाजवला का येतीन, आले का दाना टाकाच लागन, अन् टाकला का उद्या सकाळी तिच्याकडं जानार नाहीत. आवतन देऊन उपाशी वापस धाडत नसते मी."

रामलालनं खांदे उडवले. दोघं पलीकडं सवत पाहायला गेले. उकंडा पुन्हा डोंग्यावर बसला, पिपा मांडीवर. सवत दुपारच्या उन्हात पाठ तापवत काठाला उभी होती अन् रामलाल तिचे फोटो काढत होता. उकंडानं तोंड फिरवलं. सुंभ जळला, पीळ कुठं जाते?

सत्यभामेनं हे सगळं झोपडीच्या दारातून पाहिलं होतं. तिच्या हातात पुरणपोळीचं ताट होतं. दरसाल पोळ्याला आधी डोंग्याला कुंकू, मग जेवण. आज तिनं डोंग्याला कुंकू लावलं, मग पिप्याला लावलं. यंत्राकडं गेली नाही. उकंडा म्हणाला, "तिले नाही लावत का? पदरानं पुसली होती ना?"

"आज नाही," ती म्हणाली. तिनं ताट झोपडीच्या ओट्यावर मांडलं, पाणी ठेवलं. "चला, जेवाले या."

"भूक नाही मले."

सत्यभामा आली, त्याच्या मांडीवरचा पिपा काढून घेतला, ओट्यावर ताटाशेजारी जाऊन बसली अन् बोटांच्या गाठीनं वाजवला. टण्, टण्, टण्.

उकंडानं तिच्याकडं रागानं पाहिलं. ती हसत नव्हती. ताटातल्या पोळीवर तूप सोडत होती.

तो उठला अन् गेला.